बॉबिनच्या डब्यातली गोळी

पत्र असं आलंय. थोडं कमी करून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

"अक्का, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, वय ३६, युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात मशिनवर बसते. पोरगी नऊ वर्षांची, पोरगा चार वर्षांचा. दिवाळीपासून मन कशातच लागत नव्हतं, उगाच रडू यायचं, छातीत धडधड, रात्र रात्र झोप नाही. शेवटी मैत्रिणीला घेऊन मनाच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी एस्सिटालोप्राम दिली, पहिले सात दिवस ५ मिलिग्रॅम आणि मग १०, आणि रात्री क्लोनाझेपामची छोटी गोळी दोनच आठवडे घे म्हणाले. आज बारावा दिवस. सारखी मळमळ, भाकरी पुढे आली की नको वाटतं, हात थरथरतात, दोरा ओवता येत नाही, जांभया थांबत नाहीत, घामाने ब्लाउज भिजतो आणि धडधड तर आधीपेक्षा जास्त वाटते. घरी कुणाला सांगितलं नाही, गोळ्या पाकिटातून काढून बॉबिनच्या डब्यात ठेवल्यात. शेजारच्या वैनी म्हणाल्या ही गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही, म्हणून चार दिवस झाले एक दिवसाआड घेतेय. कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी पण रोज चालूच आहे. मिस्टरांच्या जवळ जावंसं पण वाटत नाही, ते गोळीमुळेच का? शुक्रवारी डॉक्टरांनी बोलावलंय पण जाऊ का नको असं झालंय. कधी कधी वाटतं आपण नसलो तर सगळ्यांना बरं होईल. बंद करू का गोळी?"

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि उत्तर शेवटाकडून सुरू करते, कारण तू जे जाता जाता शेवटी लिहिलंयस तेच माझ्यासाठी सगळ्यात आधी आहे. "आपण नसलो तर बरं होईल." हे वाटणं गोळीच्या आधीपासून होतं का गोळी सुरू झाल्यावर आलं, वाढलं, ते जरा आठवून बघ. आधीपासून असेल आणि तेवढंच असेल तरी शुक्रवारी डॉक्टरांना हेच वाक्य असंच्या असं सांगायचं, गुळगुळीत करून नाही. आणि जर ते वाढलं असेल, किंवा नुसतं वाटण्याच्या पुढे जाऊन कसं, कुठे, कधी असे विचार यायला लागले असतील, किंवा एका जागी बसवतच नाही, आतून कुणीतरी ढकलतंय असं होत असेल, तर शुक्रवारची वाट अजिबात बघायची नाही, आजच डॉक्टरांना फोन करायचा. फोन लागला नाही तर १४४१६, ही केंद्र सरकारची टेली मानस लाइन आहे, ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, पैसे लागत नाहीत, रात्री दोनला पण उचलतात आणि मराठीत बोलतात. आणि विचार हाताबाहेर जातोय असं वाटलं तर रिक्षा करून सरळ सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत, नाहीतर ११२. जी मैत्रीण तुझ्यासोबत आली होती तिला आज हे बोल. तिने काही उपाय सांगायची गरज नाही, तिला माहीत असलं तरी खूप झालं.

आता मी कोण हे नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी डॉक्टर नाही, फार्मसी केलेली बाई आहे, २४ वर्षं मेडिकलच्या काउंटरवर काढली आणि मिस्टर गेल्यावर हीच एस्सिटालोप्राम, म्हणजे उदासी-धडधडीवरची गोळी, मी स्वतः घेतलेली आहे. त्यामुळे तुझा डोस वाढव किंवा कमी कर असं मी सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण जे होतंय ते काय आहे आणि कशाला घाबरायचं, कशाला नाही, एवढं मला नक्की सांगता येईल.

मळमळ. बघ, ही गोळी सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करते, आणि आपल्याला वाटतं ते सगळं डोक्यात असतं, पण शरीरातलं जवळजवळ ९० टक्के सेरोटोनिन पोटात, आतड्यात असतं. म्हणजे गोळी मनासाठी घेतली तरी तिची पहिली गाठ पोटाशी पडते. म्हणून मळमळ, तोंड कोरडं, कुणाला जुलाब, कुणाचं पोट साफ होत नाही. हे बहुतेकांचं एक-दोन आठवड्यात उतरतं. गोळी रिकाम्या पोटी घेऊ नको, चार घास खाऊन घे, कडक भाकरी आणि शेंगा चटणी नको वाटत असेल तर आठ दिवस ताक-भात खा, पेज खा, पण उपाशी मशिनवर बसू नको. जांभया हा तर या गोळीचा ओळखीचा साइड इफेक्ट आहे, लोकांना वाटतं झोप कमी झाली म्हणून, पण झोप पूर्ण झालेल्यांना पण येतात. घाम पण तसाच. आणि आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो, वरून पत्र्याचं छप्पर आणि समोर इस्त्रीचं टेबल, म्हणजे गोळीचा घाम कुठला आणि उन्हाचा कुठला हे कळणार पण नाही. पाणी पीत राहा, ताक घे, चक्कर आली तर मशिन बंद करून खाली बस, सुपरवायझर काय म्हणेल ते नंतर बघू.

थरथर आणि वाढलेली धडधड याने तू घाबरलीस हे मला कळतं, कारण ज्या त्रासासाठी गोळी घेतली तोच वाढला असं वाटतं. सुरुवातीच्या दिवसांत काही जणांना बेचैनी खरंच वाढते. म्हणूनच तुझ्या डॉक्टरांनी आधी अर्धा डोस दिला आणि सोबत मन शांत करणारी, झोप आणणारी क्लोनाझेपाम दोन आठवड्यांपुरती दिली. म्हणजे त्यांनी हे गृहीत धरलेलं होतं. फक्त तुला सांगितलं नसेल किंवा सांगितलं असेल पण त्या दिवशी तुझ्या डोक्यात शिरलं नसेल, रडत गेलेल्या माणसाच्या काही लक्षात राहत नाही. आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण गुण कळायला सहा-आठ. त्रास पहिल्या दिवसापासून आणि फायदा महिन्याने. या मधल्या खड्ड्यातच माणसं गोळी सोडतात, माझ्या काउंटरवर मी हे किती वेळा बघितलंय, पहिलं पाकीट घेऊन जातात आणि दुसऱ्याला येतच नाहीत.

एक दिवसाआड घेणं मात्र बंद कर. तुला वाटतं अर्धी घेतली म्हणजे अर्धा धोका, पण ही गोळी तशी चालत नाही. रक्तातली तिची पातळी साधारण ३० तासांत निम्मी होते आणि रोज ठरलेल्या वेळी घेतली तर आठवडाभरात एका लेव्हलला येऊन थांबते. एक दिवसाआड म्हणजे ती लेव्हल रोज वर-खाली, म्हणजे अंगाला सवय होऊच देत नाहीस आणि साइड इफेक्ट मात्र लांबवत बसतेस. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून सांग की चार दिवस अशी घेतली, आता कशी सुरू करू, ते एका मिनिटात सांगतील, ओरडणार नाहीत. आणि पुढे कधी विसरलीस तर त्याच दिवशी आठवली की घे, दुसऱ्या दिवशी आठवली तर फक्त त्या दिवसाचीच घे, दोन एकदम कधीच नाही. झोप येत नसेल तर सकाळी घेऊ का आणि गुंगी येत असेल तर रात्री घेऊ का हे पण विचार की, वेळ बदलून बऱ्याच जणांचं काम होतं.

आता तो डबा. खरं सांगू, तुझ्या पत्रातल्या मळमळीपेक्षा मला त्या बॉबिनच्या डब्याची काळजी जास्त वाटली. तू गोळी लपवलीस म्हणून पाकिटातून काढलीस, पाकीट गेलं म्हणजे नाव गेलं, डोस गेला, एक्सपायरी गेली. एस्सिटालोप्राम पांढरी, क्लोनाझेपाम छोटी, पण उद्या घाईत तू दोन क्लोनाझेपाम उचललीस तर? वरून घरात चार वर्षांचा पोरगा. रंगीत बॉबिन खेळायला आवडत नाहीत असं पोर दाखव मला. मोठ्या माणसाच्या दोन-तीन गोळ्या एवढ्याशा जिवाला किती महागात पडतात हे मी इथे रंगवून सांगत नाही, तू आई आहेस. आणि शिलाई मशिनजवळ, पत्र्याखाली, उन्हात तो डबा किती तापत असेल, पाकिटावर थंड कोरड्या जागी, २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं ते काही उगाच नाही. आजच्या आज सगळ्या गोळ्या काढ. पाकीट टाकून दिलं असेल तर त्या सुट्या गोळ्या वापरू नको, मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवून नवीन पाकीट घे आणि लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात, कुलपात ठेव. कोणी पोराने चुकून खाल्लीच तर वाट बघायची नाही, उलटी करवायची नाही, पाकीट हातात घेऊन थेट सिव्हिल.

लपवण्याचा दुसरा तोटा तुझ्या लक्षात पण आलेला नाही, तो म्हणजे कंबरेची गोळी. तू नाव लिहिलं नाहीस पण मेडिकलमधून "दुखण्याची द्या" म्हटलं की बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅक यातलंच काहीतरी हातात पडतं. या गोळ्या आणि एस्सिटालोप्राम रोज एकत्र गेल्या की पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. त्याचं कारण असं की रक्त गोठवणाऱ्या ज्या प्लेटलेट असतात त्यांना पण सेरोटोनिन लागतं आणि ही गोळी ते त्यांच्यापर्यंत पोचू देत नाही, आणि दुखण्याची गोळी पोटाचं अस्तर कमजोर करते, दोन्ही एकाच वेळी. शौचाला डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, अंगावर उगाच निळे डाग पडायला लागले, तर लगेच दाखवायचं. कंबरेसाठी साधी पॅरासिटामॉल चालते का ते डॉक्टरांना विचार, सहसा तीच सांगतात.

आणि त्याहून मोठी भीती मला ट्रामाडॉलची वाटते. जास्त दुखलं की दुखण्याच्या काही गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत ट्रामाडॉल मिसळलेलं असतं, हाडाचे डॉक्टर पण देतात आणि तू मनाच्या गोळीचं बोललीच नाहीस तर त्यांना कसं कळणार. ट्रामाडॉल आणि एस्सिटालोप्राम दोन्ही सेरोटोनिन वाढवतात, प्रमाणाबाहेर गेलं की ताप, प्रचंड घाम, अंग कडक होणं, पाय आपोआप उडणं, जुलाब, गोंधळल्यासारखं बोलणं असं काही तासांत सुरू होतं, याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात आणि तो घरी बसून बघत राहायचा आजार नाही. तुझी आत्ताची थरथर त्यातली वाटत नाही, पण ताप आणि अंग आखडणं सोबत आलं तर मग वेगळी गोष्ट. खोकल्याच्या काही औषधांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, डोकेदुखीची सुमाट्रिप्टन, लिनेझोलिड नावाचं अँटिबायोटिक, ही पण त्याच यादीत. अ‍ॅसिडिटीच्या काही कॅप्सूलमध्ये डॉमपेरिडॉन असतं, आपल्याकडे तर ती शेंगदाण्यासारखी खातात, पण ती आणि ही मिळून हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, विशेषतः आधीपासून हार्टचा त्रास असेल तर. ओमेप्राझोल सोबत घेतलं तर एस्सिटालोप्रामची रक्तातली पातळीच वाढते. ही सगळी नावं पाठ करायची नाहीत ग, एकच करायचं, दाताच्या डॉक्टरकडे जा, हाडाच्या जा, ताप आला म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात जा, आपण काय घेतो त्याचं पाकीट पुढे ठेवायचं. आणि मेडिकलवाल्याला पण. काउंटरवर चार लोक उभे असताना बोलायची लाज वाटते हे मला माहीत आहे, माझ्याकडे बायका चिठ्ठी घडी करून मुठीतून द्यायच्या. मोबाइलमध्ये पाकिटाचा फोटो काढून ठेव आणि नुसता दाखव, तोंडाने बोलायची गरजच नाही.

क्लोनाझेपामचं मात्र शेजारच्या वैनींचं म्हणणं थोडं बरोबर आहे, फक्त त्यांनी चुकीच्या गोळीवर ठेवलं. सवय लागते ती हिची. दोन आठवडे म्हणजे दोन आठवडे, "एवढी छान झोप लागते तर चालू ठेवते" असं करून मेडिकलमधून जुन्या चिठ्ठीवर आणत बसायचं नाही. जे महिनोन्‌महिने घेतात त्यांनी ती एकदम तोडायची पण नाही, फिट येऊ शकते, डॉक्टरांना विचारून हळूहळूच. आपल्याकडे या दोन्ही गोळ्या एकाच गोळीत मिसळून पण मिळतात आणि लोक वर्षानुवर्षं "झोपेची गोळी" म्हणून तीच घेत राहतात, तुझी वेगवेगळी दिलीय हे चांगलंच आहे. आणि एक, तुमच्या भागात नळाला पाणी रात्री-अपरात्री येतं, गुंगीत उठून जिन्यावरून हंडे घेऊन चढायचं नाही, दोन आठवडे ते काम दुसऱ्या कुणाला तरी दे. मशिनवर पण सकाळी डोळे जड वाटत असतील तर सुईखाली बोट जायला वेळ लागत नाही. या गोळीवर शिंदी, बिअर, काहीच नाही, तू घेत नसशील, पण वाचणारे सगळेच तुझ्यासारखे नसतात.

एस्सिटालोप्रामची मात्र नशेसारखी तलफ लागत नाही, डोस वाढवत जावा लागत नाही. पण शरीराला तिची सवय होते हे खरं, म्हणून ती एकदम थांबवता येत नाही, आणि इथेच सगळा गैरसमज होतो. माझंच सांगते. मिस्टर गेल्यावर मी अकरा महिने घेतली, मग एकदम बरं वाटायला लागलं, तुळजापूरला जायचं होतं, म्हटलं देवीच्या दारात जाताना गोळ्या कशाला, बॅगेत घेतल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी परत काउंटरवर उभी होते, मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं, डोळे फिरवले की झण्ण, चक्कर, गिऱ्हाइकाच्या अंगावर खेकसले, रात्री विचित्र स्वप्नं. मला वाटलं आजार परत आला. आजार नव्हता, गोळी एकदम तोडल्याचा झटका होता. डॉक्टरांनी परत सुरू केली आणि दोन महिन्यांत थोडी थोडी कमी करत सोडवली, त्यानंतर आजपर्यंत लागलेली नाही. वैनींच्या ओळखीत कुणा बाईची "सुटत नाही" असं झालं असेल, तर तिने बहुतेक असंच केलं असणार, एकदम सोडली, त्रास झाला, परत घेतली आणि नाव गोळीला. पहिल्यांदाच डिप्रेशन आलं असेल तर बरं वाटायला लागल्यावर साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात आणि मग उतरवतात. ज्यांना पुन्हा पुन्हा येतं त्यांना जास्त काळ लागते. जन्मभर असं सगळ्यांना नसतं.

मिस्टरांच्या जवळ जावंसं वाटत नाही हे तू लिहिलंस ते फार बरं केलंस, कारण हा साइड इफेक्ट भरपूर लोकांना होतो आणि कुणीच बोलत नाही. इच्छा कमी होते, बायकांना आणि पुरुषांना पण शेवटापर्यंत पोचायला उशीर लागतो किंवा पोचताच येत नाही. डिप्रेशनमुळे पण इच्छा जाते, त्यामुळे बारा दिवसांत कशामुळे हे सांगणं अवघड, पण गोळीच्या आधी कसं होतं ते डॉक्टरांना सांगितलं तर त्यांना अंदाज येतो. मळमळीसारखं हे दोन आठवड्यांत जाईलच असं नसतं, राहू शकतं. डोस बदलून किंवा दुसरी गोळी देऊन यावर मार्ग निघतो, आणि फार थोड्या लोकांत गोळी बंद केल्यावर पण हा त्रास राहिल्याच्या नोंदी आहेत म्हणून तो सहन करत गप्प बसायचं नाही. पुरुष डॉक्टरांसमोर बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून दे. वजनाचं विचारशीलच म्हणून सांगते, सुरुवातीला भूक मरते, पुढे काही महिन्यांनी काहींचं थोडं वाढतं, महिन्यातून एकदा काट्यावर उभी राहा म्हणजे लक्षात येईल. पाळी चुकली, दिवस गेल्यासारखं वाटलं तर घाबरून गोळी एकदम थांबवायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, ते तोलून सांगतात. आणि हे पण, तुझ्यात किंवा माहेरी कुणात असं कधी झालं होतं का की चार-पाच दिवस झोप नाही तरी अंगात प्रचंड जोर, भरमसाट बोलणं, उधळपट्टी? असेल तर नक्की सांग, कारण तशा आजारात ही गोळी एकटी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो.

बाकी वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, मग परत तुझ्याकडे येते. घरात वयस्कर माणूस ही गोळी घेत असेल आणि बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी पण चालू असेल तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं, मग डोकं दुखतं, तोल जातो, आजोबा एकदम असंबद्ध बोलायला लागतात आणि घरचे म्हणतात वय झालं. साधी रक्ताची तपासणी आहे, सुरू केल्यावर काही आठवड्यांत करून घ्या. साठी-पासष्टीच्या पुढे डोस पण कमी ठेवतात, सहसा १० च्या वर नेत नाहीत. आणि कॉलेजची पोरं, २५ च्या आतली, यांना गोळी सुरू झाली किंवा डोस बदलला की पहिले काही आठवडे घरच्यांनी जवळून बघायचं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक इशारा टाकायला लावला, कारण या वयात सुरुवातीला जिवाचं बरं-वाईट करण्याचे विचार वाढू शकतात. याचा अर्थ त्यांना गोळी द्यायचीच नाही असा नाही, एकटं सोडायचं नाही असा आहे.

आता घरी सांगण्याचं. मी तुझ्या सासूला ओळखत नाही, मिस्टरांना ओळखत नाही, "सांगून टाक" म्हणणं मला सोपं आहे. त्यामुळे सगळ्यांना सांग असं म्हणत नाही. डॉक्टर तुझ्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगू शकत नाहीत, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तुझी माहिती गुप्त ठेवायचा हक्क लिहिलेला आहे, कुणाच्या जिवाला धोका असेल असे थोडे अपवाद सोडून. पण घरात एका तरी माणसाला गोळीचं नाव आणि ती कुठे ठेवलीय हे माहीत पाहिजे, तू चक्कर येऊन पडलीस तर सिव्हिलमध्ये विचारतील काय औषध चालू आहे, तेव्हा कोण उत्तर देणार? मिस्टर लूमवर रात्रपाळी करून थकून येतात, त्या वेळी नको, रविवारी पोरं झोपल्यावर, "मला बीपीसारखा मनाचा त्रास आहे, काही महिन्यांची गोळी आहे, पोरांच्या हाताला लागू देऊ नका" एवढंच बोल. बाकीचं हळूहळू. सासूबाई म्हणतील सिद्धेश्वराला अभिषेक करू, करू दे की, तलावाच्या काठाला संध्याकाळी अर्धा तास बसलीस तर तुला पण बरं वाटेल, फक्त अभिषेकाच्या दिवसापासून गोळी बंद असा नवस कुणी बोलायचा नाही. खर्चाचं असेल तर एस्सिटालोप्राम सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, जनऔषधी दुकानात स्वस्त पडते, सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी पण आहे, तिथे औषध मिळतं का ते विचार.

तर शुक्रवारी जायचं. एका पिशवीत चिठ्ठी, दोन्ही गोळ्या, कंबरेची गोळी, अ‍ॅसिडिटीची असेल तर ती, पोरांचं खोकल्याचं औषध तू पण घोटभर घेत असशील तर ती बाटली, सगळं घालून ने आणि टेबलावर ओत. वहीच्या पानावर लिहून ने, कुठल्या दिवशी गोळी घेतली नाही, मळमळ कधी जास्त, झोप किती तास, आणि ते वाक्य. वाचून दाखवणं जमणार नसेल तर पान त्यांच्याकडे सरकव. मैत्रिणीला परत सोबत घे. आणि आल्यावर दोन ओळी मला लिही, डॉक्टरांनी कंबरेच्या गोळीचं काय सांगितलं ते नक्की कळव, तुमच्या कारखान्यातल्या बाकी बायका पण तीच खात असणार.

— अक्का